कार्ब्युरेटर उघडून दाखवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच ‘प्लग कुठला लावलायस?’ असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. पेट्रोल इंजिनची मॉडेल विमानं उडवणाऱ्या आणखी कुणाच्या हे उपयोगी पडलं, तर तुमची हरकत नसणार हे मला ठाऊक आहे.

जुनं विकत घेतलेलं ते ३० सीसीचं इंजिन तुमच्यापर्यंत पोचलं तेव्हा बाकी सगळ्यांचं एकमत झालेलं होतं: कार्ब फेका, नवा बसवा. चोक लावला की सुरू व्हायचं, आयडलवर बरं चालायचं, थ्रॉटल उघडला की गुदमरायचं आणि पूर्ण रेसवर थोड्या वेळात मान टाकायचं. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरला हातही न लावता विचारत बसलात. आधीच्या मालकाकडे पडून होतं का, टाकीतली नळी कसली आहे, बंद पडायला लागल्यावर चोक जरासा ओढला तर सावरतं का? सावरायचं. ‘म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कुठे अडतंय ते बघू. नीडल तोवर फिरवायची नाही.’ नीडल म्हणजे कार्बवरचा पेट्रोल कमीजास्त करणारा स्क्रू.

त्या दुपारी मला कार्बचे दोन भाग पहिल्यांदा वेगवेगळे दिसले, आणि आभार खरं तर त्याचेच आहेत. या वालब्रो कंपनीच्या पद्धतीच्या कार्बमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, नसतो. घराणं चेन-सॉचं. कसंही आडवंतिडवं धरलं तरी चालायला हवं, म्हणून सगळा कारभार दोन पातळ डायफ्रामवर, म्हणजे लवचिक पडद्यांवर. एका बाजूचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, दुसऱ्या बाजूचा मीटरिंग डायफ्राम ते मोजून पुढे सोडतो. पंपाला वेगळी मोटर नसते. पिस्टन वरखाली झाला की क्रँककेसमधला दाब कमीजास्त होतो आणि तोच एका बारीक छिद्रातून येऊन पंपाचा डायफ्राम हलवतो. ६००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा. हे तुम्ही सांगितलंत आणि पुढे इंजिन व कार्ब यांच्यामधलं गॅस्केट हातात देऊन विचारलंत, ‘यातलं छोटं छिद्र कशासाठी?’ गॅस्केट उलटं बसलं तर ते छिद्र झाकलं जातं आणि पंप मुका होतो. कार्ब कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

आमच्या कार्बचं ते छिद्र मोकळं होतं. दुखणं पुढे निघालं. पंपाचं झाकण काढलं तर आतल्या जाळीवर पिवळसर थर बसलेला. जाळी करंगळीच्या नखाहून लहान; भिंगाशिवाय नुसती मळकट वाटली असती. तिच्याखेरीज डायफ्राम. त्याला कापून केलेल्या दोन जिभा असतात, त्याच पंपाच्या झडपा. जुन्या डायफ्रामच्या जिभा वाळलेल्या पानासारख्या वर वळल्या होत्या. दुरुस्तीच्या किटमधला नवा डायफ्राम तुम्ही शेजारी ठेवलात: सपाट, मऊ, बोटाच्या टोकाने सहज दबणारा. जुना वाकवला तर कडकड वाजला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आत सुकत राहिलं की असं होतं, हे वाचून माहीत होतं. पण दोन्ही एकदम हातात घेतल्यावर जे कळलं ते वाचून कळण्यातलं नव्हतं.

मीटरिंगच्या बाजूला तर तुम्ही घाईच करू दिली नाहीत. तिथे डायफ्राम आत दबला की एक छोटा लिव्हर पेट्रोलची वाट अडवणारी इनलेट नीडल उघडतो. त्याची पिन काढताना अंगठा लिव्हरवर, कारण खालची स्प्रिंग उडाली की गेलीच. स्प्रिंग ताणायची नाही, कापायची नाही. इनलेट नीडलचं टोक भिंगाखाली धरून त्यावर गोल चरा पडलाय का ते बघायचं. लिव्हरची उंची डोळ्यांनी नाही, गेजने. वालब्रोच्या डब्ल्यूटी मालिकेत ती गॅस्केट बसते त्या पातळीच्या १.६५ मिमी खाली, दुसऱ्या काही कार्बमध्ये चेंबरच्या तळाशी समपातळीत. म्हणून आधी कार्बवरचा नंबर वाचायचा. लिव्हर खाली राहिला तर पेट्रोल कमी पडतं, वर राहिला तर इंजिन फ्लड होतं, म्हणजे पेट्रोल नको तितकं येतं. एवढ्याशा पत्र्यावर एवढं अवलंबून असेल असं मला वाटलं नव्हतं.

साफसफाईत तुमचं एक वाक्य मी टूलबॉक्सच्या झाकणावर लिहून चिकटवलंय: ‘हवा मारण्याआधी वाट कुठे जाते ते बघ.’ मुख्य नॉझलमध्ये बारीक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी झडप, असतो. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर तो जागचा हलतो किंवा फाटतो, आणि मग आयडल कधीच धड लागत नाही. कार्ब क्लीनरही सगळं रबर बाहेर काढल्यावरच. वेल्च प्लग, म्हणजे ठोकून बसवलेली धातूची छोटी चकती, काढून आयडलची बारीक छिद्रं उघडी केलीत, नवा प्लग ठोकून बसवलात आणि कडेने नेलपॉलिश फिरवलंत. ती बाटली घरातून मागून आणताना मला जी उत्तरं द्यावी लागली, त्यांचे आभार वेगळे मानायचे की नाही ते ठरलेलं नाही.

जोडणीचा क्रमही तुम्ही तोंडपाठ करून घेतलात. या कार्बमध्ये पंपाच्या बाजूला आधी डायफ्राम, मग गॅस्केट. मीटरिंगच्या बाजूला आधी गॅस्केट, मग डायफ्राम. दुसऱ्या कंपनीच्या कार्बमध्ये हा क्रम बदलू शकतो, म्हणून उघडतानाच फोटो काढायचा. मग इनलेटला छोटा हातपंप लावून ७ पीएसआय दाब दिलात आणि काटा खाली येतो का ते बघत चहा थंड होऊ दिलात. काटा हलला नाही. त्यानंतर कुठे दोन्ही नीडल दीड-दीड आटा उघडून इंजिन सुरू झालं. आधी लो (आयडलची नीडल), मग हाय (पूर्ण रेसची), मग पुन्हा लो. हाय नीडलवर सर्वांत जास्त आरपीएम मिळतो तिथे थांबायचं नाही, थोडं रिच करून, म्हणजे पेट्रोल जरा जास्त देऊन सोडायचं. आणि हे सगळं प्रॉपेलरच्या मागे उभं राहून.

इथवरचं काम कदाचित आणखीही कुणी केलं असतं. पुढचं मात्र तुम्हीच केलंत. जमिनीवर मस्त चालणारं इंजिन हवेत वेग घेतला की भसभसायला लागायचं, उतरल्यावर पुन्हा शहाणं. टाकी, नळ्या, इग्निशन सगळं तपासून झालं होतं. तुम्ही काउलच्या, म्हणजे इंजिनवरच्या आवरणाच्या, पुढच्या तोंडातून आत बघितलंत आणि मीटरिंगच्या झाकणावरच्या छिद्राकडे बोट दाखवलंत. मीटरिंग डायफ्रामची कोरडी बाजू त्या छिद्रातून बाहेरच्या हवेला उघडी असते. बाहेरचा दाब हाच त्याचा संदर्भ. काउलमध्ये शिरणारी हवा नेमकी त्यावर आदळत होती. दाब वाढला की डायफ्राम आत ढकलला जातो, लिव्हर दबतो, जास्त पेट्रोल येतं. ओढ बसली असती तर उलट लीन झालं असतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं असतं. झाकण सोडवून छिद्रावर पितळी नळीचा तुकडा सोल्डर केलात, त्यावर रबरी नळी चढवून तिचं दुसरं टोक फ्यूजलाजमध्ये, म्हणजे विमानाच्या धडात, वारा नसलेल्या जागी नेलंत. नीडलला हातही लावला नाहीत आणि पुढच्या उड्डाणात इंजिन सरळ चाललं. हे मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगत सुटलोय, त्यात तुमचं श्रेय कधी विसरत नाही.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून पटलेलं नाही. डायफ्राम ओले राहावेत म्हणून तुम्ही कार्बमध्ये पेट्रोल राहू देता. मी मोसम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. तुमचे डायफ्राम माझ्यापेक्षा जास्त टिकतात असं तुम्ही म्हणता. शक्य आहे. पण तुमचं इंजिन दर आठवड्याला उडतं, माझं महिनोन्महिने कपाटात असतं, आणि आतलं पेट्रोल सुकून मागे काय उरतं ते मी त्या जाळीवर बघितलंय.

आता एक काम. दुसऱ्या विमानाच्या कार्बचा थ्रॉटल शाफ्ट बोटाने हलवला तर खटखटतो. आयडल सारखं चढतं-उतरतं आणि शाफ्टच्या टोकाशी पेट्रोलचा ओलावा दिसतो. मला वाटतं तिथून हवा ओढतोय, म्हणजे किटने भागणार नाही, बॉडीच गेली. येत्या रविवारी घेऊन येऊ का? उघडलेला नाही, नीडलही फिरवलेल्या नाहीत.

तुमचा,
३० सीसीवाला