तीन चिठ्ठ्या, तीन औषधे

मा. संपादक,
स. न.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणणारे आजार. त्यांचा रुग्ण डॉक्टरांची एक चिठ्ठी कोल्हापुरात घेतो, दुसरी मिरजेत, तिसरी पुण्यात. मग तिन्ही माझ्या औषधाच्या दुकानात काउंटरवर पसरून विचारतो, यातलं बरोबर कुठलं? काही फरक असायलाच हवेत, कारण प्रत्येकाचा आजार आतड्यात सारख्याच जागी नसतो. काही फरक मात्र निव्वळ सवयीचे आहेत आणि त्यांचा भुर्दंड रुग्णाला बसतो.

रास्त फरक असे. कोलायटिसची सूज फक्त गुदाशयात असेल तर रात्री मेसालामाइन या सूज उतरवणाऱ्या औषधाची एक ग्रॅमची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची वडी, पुरते. सूज मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात वर चढली असेल तर त्याच औषधाच्या रोज किमान २.४ ग्रॅम गोळ्या आणि जोडीला एनिमा, म्हणजे गुदद्वारातून सोडायचे पातळ औषध, लागतो. तेवढ्याने भागले नाही तर प्रतिकारशक्तीला आवर घालणारे कोणते औषध द्यावे, ॲझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब की टोफासिटिनिब, यावर दोन जाणकार डॉक्टरांचेही एकमत होणार नाही. वय, मूल हवे आहे का, पूर्वी क्षय झाला होता का आणि खिसा, हे सगळे पाहूनच ते ठरते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती खालून घ्यायच्या औषधाची. गोळी आणि एनिमा एकत्र दिल्यास एकट्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो, हे अभ्यासांत दिसून आले आहे. तरी चिठ्ठीवर बहुधा गोळ्याच असतात. रुग्ण लाजेल, असे डॉक्टरच गृहीत धरतात. एनिमा लिहिला तरी घ्यायचा कसा, हे कोणी सांगत नाही. झोपण्यापूर्वी शौचाला जाऊन यावे, बाटली हातात धरून कोमट करावी आणि हलवावी. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यावा, औषध हळूहळू सोडावे आणि अर्धा तास तसेच पडून राहावे. गार औषध भसकन सोडले की सुजलेला गुदाशय ते लगेच बाहेर टाकतो आणि रुग्ण म्हणतो, मला सोसत नाही. अशा वेळी आधी काही दिवस सपोझिटरी द्यावी, मग एनिमाकडे वळावे. मेसालामाइनच्या गोळीचे तुकडे करू नयेत. तिचे आवरण ठरावीक जागी विरघळण्यासाठीच असते.

स्टेरॉईडचा घोळ त्याहून मोठा. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याला ५ ने उतरवले तर आठ आठवड्यांत संपते. पण 'रक्त थांबलं' म्हणून रुग्ण तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवत राहतो, आणि १० मिलिग्रॅम वर्षभर चालू राहते. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो. घाबरून एकदम बंद केले तर तेही धोक्याचे. १० च्या खाली उतरताना आजार उसळत असेल, तर तो स्टेरॉईडवर अवलंबून झाला आहे. तिथे दुसरे औषध सुरू करायचे असते, डोस लांबवायचा नसतो.

लहान आतडे मोठ्याला मिळते तिथल्या जखमांबाबत गोंधळ समजण्यासारखा आहे. क्षय आणि क्रोन्स दोन्ही तिथेच होतात आणि बायोप्सीतही, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतही, नेहमी फरक कळत नाही. क्षयात नुसते स्टेरॉईड दिले तर तो पसरू शकतो, म्हणून शंका असेल तेव्हा आधी क्षयाची औषधे देणे योग्यच. चूक पुढे होते. दोनेक महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून जखमा भरल्या का, ते पाहायचे असते. 'भूक लागते, वजन वाढलं' यावर विसंबून चालत नाही, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही या औषधांवर काही काळ बरे वाटू शकते. नऊ-नऊ महिने गोळ्या चालतात आणि तोवर आतडे आक्रसून अडथळा तयार होतो.

ॲझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला तीनेक महिने लागतात. महिन्याभरात 'लागू पडत नाही' म्हणून सोडू नये. पांढऱ्या पेशींची तपासणी मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच हवी. आपल्याकडे एनयूडीटी १५ या जनुकातला बदल अनेकांत असतो आणि अशांच्या पेशी झपाट्याने घसरतात. अचानक केस पुंजक्याने गळू लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे. युरिक ॲसिडसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल लिहिले असेल तर दोघांनाही कळवल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये. ही जोडी जिवावर बेतू शकते.

पथ्याचे तर विचारूच नका. आजार तांबड्या रश्श्याने होत नाही; भडका असताना झोंबत असेल तर तेवढ्यापुरता टाळावा. गंमत अशी, की रस्सा सोडणारा माणूस गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक बिनदिक्कत घेतो आणि भडका उडवायला ते निमित्त पुरते.

डॉक्टरांना विनंती एवढीच, की चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: सूज कुठपर्यंत आहे, स्टेरॉईड कोणत्या तारखेला संपायचे आणि पुढची तपासणी कधी व कोणती. रुग्णांनी कोलोनोस्कोपीचा आणि बायोप्सीचा कागद फाईलमध्ये वर लावून ठेवावा. दुसऱ्या डॉक्टरांकडे नुसती औषधांची नावे नेली, तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

– एक फार्मासिस्ट, शाहूपुरी, कोल्हापूर