कयाकच्या साच्यासाठी गच्चीऐवजी स्टिल्टमधील जागा मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: फायबरग्लासच्या कयाकचा (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीचा) साचा तयार करण्यासाठी मागच्या स्टिल्टची जागा दहा आठवड्यांसाठी मिळावी.

महोदय,

या कामासाठी समितीने गच्ची देऊ केली, त्याबद्दल मनापासून आभार. पण गच्चीवर हा साचा बिघडेल आणि इमारतीलाही त्रास होईल. म्हणून मागच्या कंपाउंडलगतची स्टिल्टमधली रिकामी जागा दिवाळीनंतर मिळावी, ही विनंती. साडेपाच मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे एका चारचाकीच्या जागेपेक्षा थोडी जास्त जागा लागेल.

गच्ची नको म्हणण्याचे पहिले कारण ऊन. पॉलिएस्टर रेझिनमध्ये (काचतंतूंना बांधणाऱ्या द्रवात) दीड टक्का हार्डनर (ते घट्ट करणारे रसायन) घातला की सावलीत, २५ ते २८ अंशांना, हातात १५-२० मिनिटे असतात. उन्हात तेच रेझिन ब्रशखालीच गोळा होऊ लागते आणि मॅट (काचतंतूंची चटई) कोरडी राहते. हार्डनर एक टक्क्याच्या खाली आणला तर रेझिन कच्चे राहण्याची भीती. शिवाय एक बाजू उन्हात आणि एक सावलीत राहिली तर साचा पिळतो, आणि पिळलेल्या साच्यातली प्रत्येक कयाक पाण्यात एका अंगाला ओढते. दुसरे कारण इमारतीचे आहे. रेझिनमधल्या स्टायरीन या उग्र वासाच्या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते. गच्चीवरून ती जिन्यात आणि बाथरूमच्या डक्टमध्ये उतरेल. पाण्याच्या टाक्याही तिथेच आहेत, आणि त्यांच्या शेजारी फायबरची धूळ अजिबात नको. मागच्या स्टिल्टला दोन बाजूंनी जाळी असल्याने हवा खेळती राहते, आणि मीटर रूम दुसऱ्या टोकाला आहे.

वासाचे दिवस दहा आठवड्यांत फक्त आठ आहेत, बाकी सगळे सुतारकाम आणि घासकाम. आधी ४.२ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद असा कयाकचा पूर्ण आकार लाकडात बनवायचा; हाच नमुना, त्यावर साचा चढवायचा. १२ मिमी प्लायच्या चौकटी ३० सेंटीमीटरवर उभ्या करून त्यांवर ६ मिमी जाडीच्या पाइनच्या पट्ट्या. मग लांबी (पुट्टी) भरून ८० नंबरच्या पेपरपासून १००० च्या वॉटर पेपरपर्यंत घासायचे. शेवटचा रंग टू-पॅक पीयूचाच (दोन घटक मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) हवा. साधा ऑइलपेंट लावला तर स्टायरीन त्याला उचलते आणि सगळी घासाई वाया जाते. रंग आठवडाभर पक्का होऊ द्यायचा, मग मोल्ड वॅक्सचे सहा हात, प्रत्येक हातानंतर तासभर थांबून. गाडीचे सिलिकॉनचे पॉलिश वापरले तर जेलकोट (साच्याचा नमुन्याला लागून असणारा गुळगुळीत थर) जागोजाग फाटून डोळे पडतात. वॅक्सवर, साचा सहज सुटावा म्हणून, पीव्हीए या द्रवाचा पातळ थर.

साचा दोन भागांत होईल, खालचा तळ आणि वरचा डेक. पेणच्या गणपती कारखान्यांतला रबराचा साचा ताणून मूर्तीवरून सोलता येतो, फायबरचा ताणत नाही. म्हणून कयाकची सर्वांत रुंद रेषा जिथे असेल तिथेच साच्याची फूट, म्हणजे दोन भागांचा सांधा, यायला हवी. ती रेषा एका ठिकाणी जरी फुटीच्या खाली गेली, तरी आतला नमुना अडकतो आणि करवतीशिवाय निघत नाही. फुटीवर ७५ मिमी रुंद फ्लँज (बाहेर आलेली कड) येईल आणि दर २० सेंटीमीटरवर ८ मिमी बोल्ट. ही भोके दोन्ही भाग एकमेकांवर असतानाच पाडायची. सुटे करून पाडली की कधीच जुळत नाहीत.

प्रत्येक भागाला चार दिवस लागतील. पहिल्या दिवशी जेलकोटचे दोन हात, चौरस मीटरला सुमारे ७०० ग्रॅम. हा थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ राहिला, किंवा पुढचा थर घाईने दिला, तर वरच्या रेझिनमधले स्टायरीन त्यात मुरते आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. बोट टेकवल्यावर चिकट लागावे, पण बोटाला रंग येऊ नये, ही खूण. दुसऱ्या दिवशी टिश्यू (काचतंतूंचा पातळ पडदा) आणि ३०० ग्रॅमची मॅट, आणि हवा काढण्यासाठी रोलर. हा थर पक्का झाल्यावर रुपयाच्या नाण्याने सगळीकडे वाजवून पाहायचा. जिथे बद्द आवाज येतो तिथे बुडबुडा आहे, आणि तो तेव्हाच कापून भरावा लागतो. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन-दोन थर. चारही एकाच दिवशी चढवले तर साचा तापून वाकतो.

यानंतरची विनंती सर्वांत महत्त्वाची. दोन्ही भाग झाले की बाहेरून लाकडी फासळ्या बसवून साचा पूर्ण सात दिवस नमुन्यावरच राहील. त्या दिवसांत कृपया कोणीही तो सरकवू नये, त्यावर सायकल टेकवू नये किंवा सामान ठेवू नये. लवकर काढलेला साचा आकार सोडतो, मॅटच्या तंतूंची नक्षी जेलकोटवर उमटते, आणि हे नंतर दुरुस्त होत नाही.

आगीबाबत. एका वेळी एकाच भागाचे साहित्य इथे असेल, म्हणजे रेझिन व जेलकोट मिळून २० किलो आणि हार्डनर ३०० ग्रॅम. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे रसायन) थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, म्हणून कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिन आणू; कोबाल्टची बाटली आवारात येणारच नाही. हार्डनर वेगळ्या कुलूपबंद पेटीत, सावलीत राहील. तो सांडला तर लाकडाच्या भुशाने कधीही टिपू नये, भुसा पेट घेऊ शकतो. ओली वाळू घालावी. डोळ्यात उडाल्यास लगेच किमान १५ मिनिटे पाण्याने धुवून डॉक्टरांकडे न्यावे. वॉचमनलाही हे समजावून सांगू. सहा किलोचा ड्राय पावडर सिलिंडर आणि वाळूच्या दोन बादल्या शेजारीच असतील. उरलेले रेझिन डब्यात साठून राहिले की आपोआप तापून धूर सोडते. ते पसरट पत्र्यावर ओतून, घट्ट आणि थंड झाल्यावरच कचऱ्यात जाईल. अ‍ॅसिटोन गटारात जाणार नाही.

रेझिनचे काम सकाळी ८ ते ११. यंत्राने घासकाम १० ते १ आणि ४ ते ६, दुपारी पूर्ण बंद. वासाच्या आठ दिवसांच्या तारखा चार दिवस आधी बोर्डावर लावू. पहिल्या मजल्यावर दम्याचा त्रास असलेले किंवा तान्हे मूल असलेले कोणी असल्यास तारखा त्यांना विचारूनच ठरवू. शेजारच्या दोन गाड्या त्या सकाळी पुढे लावाव्या लागतील, त्या मालकांशी आम्ही स्वतः बोलू. साच्यातून पुढे निघणाऱ्या कयाकींचे काम सोसायटीत होणार नाही, साचा खाडीकाठच्या शेडमध्ये जाईल.

समितीच्या पुढच्या बैठकीत निर्णय व्हावा. नमुन्याची चित्रे आणि साहित्याची यादी घेऊन आम्ही हजर राहू.

कळावे,
आपले विश्वासू,
ए विंगमधील तीन रहिवासी