‘मरसून’ नव्हे, ‘मरसूं’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाकिस्तानात सिंध प्रांताचे तुकडे करण्याचा विषय निघाला, की तिथल्या मोर्चांत एक घोषणा हमखास घुमते. मराठी मजकुरात ती ‘मरसून मरसून सिंध ना देसून’ अशी उतरते. वाचणाऱ्याला ‘मरून’, ‘बसून’ आठवते आणि अर्थाचा विचका होतो. शेवटचा ‘न’ मुळात नाहीच. रोमन लिपीत नुसता अनुनासिक दाखवायला ‘एन’ लावतात. अरबी वळणाच्या सिंधी लिपीतही त्यासाठी पूर्ण नूनच (‘न’चे अक्षर) लिहितात, उर्दूसारखा बिननुक्त्याचा, म्हणजे बिनटिंबाचा नाही. लिप्यंतर करणारा दोन्हीकडून फसतो. लिहावे असे : ‘मरसूं मरसूं, सिंध न ॾेसूं’. मरू, मरू, सिंध देणार नाही.

यातला ‘ॾ’ श्वास आत ओढून उच्चारायचा. देवनागरी सिंधीत त्याच्याखाली रेघ असते. फॉन्टमध्ये हे अक्षर नसले तर छपाईत चौकोन उमटतो. तेव्हा साधा ‘डे’ चालेल, ‘दे’ नको.

गंमत अशी, की ही रूपे ठेठ सिंधी नाहीत. सिंधीत ‘मरंदासीं’, ‘ॾींदासीं’ झाले असते. ‘-सूं’ हा सराइकीचा, म्हणजे सिंधीच्या शेजारच्या भाषेचा, भविष्यकाळ. ‘मर वेसूं’ असाही पाठ आढळतो, म्हणजे ‘मरून जाऊ’. ती छपाईची चूक समजून कुणी दुरुस्त करू नये.

परंपरा ही घोषणा होशू शीदीच्या तोंडी घालते. सिंधच्या तालपूर राजघराण्यातल्या मीर शेर मुहंमदचा हा सेनानी इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरच्या फौजेशी लढताना 24 मार्च 1843 रोजी दुब्बो येथे पडला. इंग्रजी पुस्तकांत हीच ‘हैदराबादची लढाई’. ते हैदराबाद सिंधचे, निजामाचे नव्हे. आणि शीदी म्हणजे जंजिऱ्यामुळे आपल्याला ठाऊक असलेला सिद्दी, आफ्रिकी वंशाचा.

आणखी एक घोटाळा ‘जीए सिंध’शी (‘सिंध चिरायू होवो’) होतो. ती सिंधी नेते जी. एम. सय्यद यांच्या चळवळीची घोषणा. त्यांनीच 1943 मध्ये सिंध विधानसभेत पाकिस्तानच्या बाजूने ठराव मांडला होता आणि पुढे 1972 पासून ते स्वतंत्र सिंधुदेश मागू लागले. ‘मरसूं’ मात्र पाकिस्तानातच राहू इच्छिणारी पीपल्स पार्टीही देते. तेव्हा दोन्हींना सरसकट ‘फुटीर घोषणा’ म्हणू नये.

— एक वाचक, उल्हासनगर