आमेन म्हणायचं कुणी?

प्रिय दावीद,

सप्रेम सलाम.

पाळकसाहेबांकडे पाच गावं, म्हणून महिन्यातले तीन रविवार चर्चमधली उपासना तू चालवायचीस असं पंचांनी ठरवलं, हे कळलं. उपदेश कसा तयार करू, असं तू विचारलंस. उपदेशाचं पुढच्या पत्रात बघू. तो एखाद्या रविवारी फसला तरी मंडळी सांभाळून घेते. खरी पंचाईत होते ती पुढचा माणूस एकटाच बोलत राहतो आणि बाकीचे सव्वा तास ऐकत बसतात तेव्हा.

साधारण 155 साली रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती माणसाने बादशहाला एक अर्ज लिहिला. ‘आम्ही रविवारी जमतो तेव्हा काय करतो’ हे त्यात सांगितलं आहे. वेळ असेल तितकं शास्त्रवाचन, मग पुढाऱ्याचा बोध, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना. नंतर भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस येतो, पुढारी उपकारस्तुती करतो आणि लोक ‘आमेन’, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक वाटा पोचवतात. जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी. आपला आजचा क्रम अजून जवळपास हाच आहे. आणि एवढ्याशा वर्णनात त्याला लोकांचं आमेन नोंदवावंसं वाटलं. प्रेषित पौलही करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तेच विचारतो : तुझं बोलणं समोरच्याला कळलंच नाही तर तो आमेन कसं म्हणेल?

म्हणून पहिलं काम, तुझ्या प्रार्थना लहान कर. मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना सलग दहा मिनिटं चालली की लोक तिसऱ्या मिनिटाला घड्याळ बघतात. तिचे चार-पाच तुकडे पाड : आजारी, शेतीपाणी, सरकार, शोकात असलेली घरं, शेजारीपाजारी. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ठरलेलं एकच वाक्य म्हण आणि थांब, म्हणजे उत्तर कधी द्यायचं ते कळतं. पापांगीकाराच्या, म्हणजे पापांच्या कबुलीच्या, आधी शांतता ठेव. मनात तीस आकडे मोज. पहिल्या रविवारी ते फार लांब वाटतील आणि कुणीतरी खोकेल, पण घाईने पुढे जाऊ नकोस. सूचना मात्र उपासनेच्या आधी, तीन मिनिटांत. पापक्षमा ऐकल्यावर लगेच पाण्याच्या टाकीची वर्गणी ऐकायला कुणालाच नको असते.

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ असते, तरी गाडी तिथेच अडखळते. मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असं आहे. काहींच्या तोंडी ‘अपराध’ बसलेलं असतं. पाहुणे आले की त्या ओळीला अर्धे लोक थबकतात. तुमच्याकडे जे चालतं ते छापून गीतपुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटव. आणि ‘आमची रोजची भाकर’ म्हणून झाल्यावर श्वास घे. तू पळालास की सगळे पळतात.

आता गाणी. पेटीवाला त्याच्या सोयीच्या पट्टीत सुरू करतो आणि दुसऱ्या कडव्याला बायका गप्प होतात किंवा पुरुष खाली घुटमळतात. शनिवारी प्रत्येक गाण्याची सर्वांत उंच ओळ आधी म्हणून बघा. ती न ओरडता म्हणता आली तर पट्टी बरोबर. नाहीतर एक-दोन पट्ट्या खाली या. पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या गाण्यांत आणखी एक खोच असते. चालीचा जोर ऱ्हस्व अक्षरावर पडला की ‘कृपा’चं ‘कृऽऽपा’ होतं आणि शब्द ऐकू येत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं आणि अभंग अजून लोकांच्या ओठांवर आहेत याचं एक कारण हेच, शब्द आणि चाल एकमेकांशी भांडत नाहीत. चारपैकी निदान दोन गाणी तरी अशी घे. टाळ असू दे, पण तबल्यापेक्षा मोठा नको. नवीन गाणं एका रविवारी एकच, तेही आधी ध्रुवपद दोनदा म्हणवून.

चौथ्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी. ते देणं पाळकसाहेबांचं काम, तयारी तुझी. द्राक्षारसासाठी शंभर माणसांना काळ्या मनुका पाव किलो, पाणी एक लिटर. शुक्रवारी रात्री भिजव, शनिवारी त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं मंद उकळ, कुस्करून फडक्यातून गाळ. साधारण 700 मिली रस निघतो. लहान पेला 10 मिलीचा असतो, तो 7 पर्यंतच भर. काठोकाठ भरलास तर ताट हलताच पांढऱ्या चादरीवर डाग. रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात फ्रीजमध्ये ठेव, पितळेच्या नको. चार दिवस आधी करून बाहेर ठेवलास तर उन्हाळ्यात फसफसतो.

पाव आदल्या दिवशीचा घे, ताजा चिरताना दबतो. कडा काढून दीड सेंटिमीटरचे चौकोन केले की एका स्लाइसचे पंचवीस तुकडे होतात. शंभर जणांना चार स्लाइस पुरतात, पाच घे. चिरायचा मात्र रविवारी सकाळी, आणि डब्याचं झाकण घट्ट लाव. रात्री चिरून उघडा ठेवलास तर तुकडे कडक होतात आणि म्हातारी माणसं ठसकतात. उरलेल्याचं काय करायचं ते पाळकसाहेबांना आधीच विचार. केराच्या डब्यात जाता कामा नये.

करिंथमध्ये काही जण आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे आणि मागाहून येणारे उपाशी राहायचे. त्यावर पौलाचा सल्ला साधा आहे : एकमेकांसाठी थांबा. तुमच्याकडे गटागटाने पुढे येऊन गुडघे टेकतात. ज्यांना टेकता येत नाहीत त्यांना जागेवर नेऊन द्या, आणि हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे कुणी ओशाळून मागे राहणार नाही. घरी अंथरुणाला खिळलेल्यांची नावं शनिवारीच पाळकसाहेबांना दे, म्हणजे दोन-चार पेले वेगळे झाकून ठेवता येतील.

घरी सर्वांना सलाम.

तुझा,
प्रकाश