काकू, त्या पेन्सिलीच्या मुठीसाठी

काकू, नमस्कार.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये परत गेलात तेव्हा बॅगांच्या गडबडीत आभाराचं बोलणं झालंच नाही, आणि फोनवर विषय काढला की तुम्ही लगेच "अहो त्यात काय एवढं" म्हणून नातीचं काहीतरी सांगायला लागता. म्हणून शेवटी हे सगळ्यांसमोर लिहून टाकतोय, निदान मध्येच तोडता तरी येणार नाही तुम्हाला.

परवा आजोबांनी मला त्यांच्या आठवणींची दुसरी वही वाचायला दिली. दुसरी! पहिली भरली. मी गाडीत बसून सहज म्हणून उघडली आणि पुढचा पाऊण तास गाडी सुरूच केली नाही, बायकोचे तीन मिस्ड कॉल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे आजोबा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे, वय ८३, इथे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधलेच जुने बो-हंटर, म्हणजे धनुष्यबाणाने शिकार करणारे. बो-हंटर म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यासमोर चाकं आणि केबलवालं कंपाउंड धनुष्य येतं, तसलं नाही. ह्यांचं साधं लाकडी, नेम धरायला वर काहीही लावलेलं नाही, डोळा आणि सवय एवढ्यावर सगळा कारभार. १९६९ मध्ये मिसुरीच्या हॉलेस विल्बर अॅलनला कंपाउंडचं पेटंट मिळालं आणि मग हळूहळू ह्यांचे सगळे मित्र एकेक करून तिकडे गेले, कारण त्यात दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार एकदम कमी होतो, आरामात नेम धरता येतो. हे गेले नाहीत. का नाही गेलात विचारलं की म्हणतात, आराम करायला मी जंगलात कशाला जाऊ, घरी खुर्ची आहे की. हरीण २० यार्डांच्या आत आल्याशिवाय बाण सोडायचा नाही हा ह्यांचा नियम, त्यामुळे कितीतरी सीझन पूर्ण रिकाम्या हाताने घरी. अमेरिकेत धनुष्याने हरणाच्या शिकारीचा पहिला अधिकृत सीझन ह्याच राज्यात झाला, १९३४ मध्ये, आणि त्या काळातल्या लोकांच्या मांडीवर बसून हे गोष्टी ऐकत मोठे झालेत. म्हणजे हा माणूस गेला की केवढं काय काय जाणार, हे मला दहा वर्षं दिसत होतं. मला धनुष्य धरायला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे जरा जास्तच दिसत होतं.

आणि ह्या दहा वर्षांत "लिहा हो, लिहा हो" म्हणणारे काय कमी झाले? एक प्रकाशनवाले गृहस्थ आले, म्हणाले दर प्रकरणाला एक मोठ्या शिंगांचं हरीण पाहिजे, फोटोसकट, बाकी शब्द आम्ही बघून घेऊ. दोन अल्बम घेऊन गेले ते आठ महिन्यांनी परत आले, त्यातही चार फोटो गायब. मग एक तरुण मुलगा कॅमेरा घेऊन आला, सबंध दिवस शूट केलं आणि त्यातून चार मिनिटांचा व्हिडिओ काढला ज्यात आजोबा फक्त "यस" आणि "लाँग टाइम अगो" म्हणतात. ओळखीतले लोक यायचे ते तर आल्या आल्या एकच विचारायचे, टोटल किती मारले? जसा काही क्रिकेटचा स्कोअर. आजोबा दर वेळी आकडा बदलून सांगायचे, मुद्दाम.

स्वतःला पण सोडत नाही. मी व्हॉइस रेकॉर्डर आणून दिला, समोर लाल दिवा लागला की त्यांचा आवाजच बसायचा. मग लॅपटॉपवर बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. बाणाच्या मागच्या खाचेला नॉक म्हणतात, तर त्याने सगळीकडे दार ठोठावल्याचं लिहून ठेवलं. आजोबांनी झाकण बंद केलं आणि त्यावर बाणांची पिसं कापायचा बोर्ड ठेवला, तो आजतागायत तिथेच आहे. मी मनात म्हटलं म्हातारा हट्टी आहे, ह्याला लिहायचंच नाहीये. चक्क वर्षभर मी त्यांना पुस्तकाचं विचारलं पण नाही, रुसून.

आणि मग तुम्ही आलात. सहा महिन्यांसाठी लेकीकडे, संध्याकाळी फिरायला निघायच्या तेव्हा मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारणारा म्हातारा दिसला आणि तुम्ही कुंपणापाशी थांबलात. पहिल्याच दिवशी तुम्ही त्यांना सांगितलंत की मला शिकार अजिबात आवडत नाही, मी अंडंसुद्धा खात नाही. मला नंतर कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला होता. पण आजोबा जाम खूष! म्हणाले, इतक्या वर्षांत पहिली व्यक्ती आली जिला माझ्याकडून काही नकोय.

ती इशीची गोष्ट तुम्हाला त्यांनी सांगितली तेव्हा मी तिथेच होतो. इशी म्हणजे 'याही' नावाच्या मूळ अमेरिकन जमातीचा शेवटचा माणूस, १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलपाशी एकटा सापडला, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये राहायचा, आणि तिथल्या मेडिकल स्कूलचा सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि शिकार करायला शिकला. १९१६ मध्ये इशी टीबीने गेला. पोपने १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यावरून हजारो लोक धनुष्याकडे वळले, आमचे आजोबा पण त्याच परंपरेतले. हे सगळं ते नेहमी रंगवून सांगतात, इशी दोरी अंगठ्याने कशी ओढायचा ते हात करून दाखवतात. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि तुमच्या त्या शाळेतल्या इंग्लिशमध्ये विचारलंत, "अँड ही हिमसेल्फ? ही रोट समथिंग?" आजोबा म्हणाले नाही. त्याचं खरं नावसुद्धा कोणाला माहीत नाही, त्याने कधी सांगितलंच नाही, इशी म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं 'माणूस'. तुम्ही म्हणालात, "सो डॉक्टर रोट. युवर डॉक्टर इज व्हेअर?" आजोबा हसले, पण नंतर बराच वेळ गप्प होते.

पण त्याने पण काही झालं नसतं, काकू. लिहा म्हणून पटवणारे आम्ही होतोच की. तुम्ही जे केलंत ते वेगळंच.

तुम्ही त्यांना जॅकेटचं बटण लावताना बघितलंत. मी ते हजार वेळा बघितलंय. अंगठा आणि करंगळी, ह्या दोन्हींत बटण धरून लावतात. मला वाटायचं स्टाइल आहे. तुम्ही ३१ वर्षं पहिलीच्या पोरांना पेन्सिल धरायला शिकवलेल्या बाई, तुम्ही सरळ म्हणालात, "शो हँड." उजवा हात पालथा, मग उलथा. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, दोरी ह्याच तीन बोटांनी ओढतात, दिवसाला ६०-७० बाण, ५५ पाउंडांचं धनुष्य (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो), साठ वर्षं. तुम्ही तुमच्या पर्समधल्या पेनाचं टोक तिन्ही बोटांच्या टोकांवर टेकवत गेलात आणि आजोबांना डोळे मिटायला सांगून विचारलंत, आता कुठे आहे? एकदाही बरोबर सांगता आलं नाही. मला त्या क्षणी इतकं लाजल्यासारखं झालं ना. त्या माणसाला पेन बोटांत जाणवतच नव्हतं. दोन ओळी लिहिल्या की गळून पडायचं, आणि हे कुणाला सांगणार, ज्याचं सगळं आयुष्य त्या तीन बोटांवर गेलं तो? त्यापेक्षा हट्टी म्हणवून घेतलेलं परवडलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडून एक फाटलेला नेमबाजीचा हातमोजा मागून घेतलात, हरणाच्या कातड्याचा, आणि वर्कशॉपमधली सुताराची ती चपटी जाड पेन्सिल, लाकडावर खुणा करायची. लेकीच्या कात्रीने मोज्याची लांब पट्टी कापलीत आणि पेन्सिलीला गोल गोल गुंडाळून मूठ केलीत, धनुष्याला असते तशी. मला तर टेन्शनच आलं होतं, अंडं न खाणाऱ्या काकू हरणाचं कातडं हातात घेऊन बसल्यात. तर तुम्ही म्हणालात, "मुंजीत मृगाजिन चालतं ना? मग?"

आजोबांनी पेन्सिल घेतली. मूठ मिटली. तळहातात एकदा फिरवली. मला वाटलं आता भावुक वगैरे होतील. तर म्हणाले, "शेवट सैल राहिलाय, सुटेल हे." आणि तुमच्यासमोर बसून सगळी पट्टी उलगडली, पाण्यात जरा भिजवली, परत घट्ट गुंडाळली, टोक शेवटच्या तीन वेढ्यांखालून ओढून घेतलं, आणि सुकू दिली. सुकताना आवळत जाते म्हणे. संध्याकाळी त्याच पेन्सिलीने पहिलं पान लिहिलं, ते पण कशाबद्दल, तर मूठ कशी बांधावी ह्याबद्दल. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, एकेक इंच मोठं, पण ओळीत.

तुम्ही ते वाचून लाल पेनाने काही दुरुस्त केलं नाहीत. फक्त खाली तारीख घातलीत. मला वाटतं त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी परत बसले, कारण तारीख घातली की उद्याची जागा मोकळी दिसते.

काकू, मला माणसाच्या चांगुलपणाबद्दल फार मोठं बोलता येत नाही, आणि आपल्याकडे लोक तसं बोलायला लागले की मी हळूच उठून पाणी प्यायला जातो. पण एवढं म्हणतो, की न पटणाऱ्या गोष्टीत आयुष्य घालवलेल्या माणसाशेजारी रोज तासभर बसणं हे सोपं नाही. आम्ही सगळे त्यांचे चाहते होतो आणि आम्हाला त्यांच्याकडून पुस्तक पाहिजे होतं. तुम्ही चाहत्या नव्हतात, तुम्हाला फक्त बटण दिसलं. आणि वर तुम्ही त्यांना विचारायच्या पण, "टुडे समबडी डाइज?" मेलं असेल कोणी तर ते पान मी वाचणार नाही, असं स्पष्ट. त्याचा परिणाम काय झाला माहितीये का, पहिल्या वहीच्या अकरा पानांत एकही हरीण मरत नाही! नुसते चुकलेले बाण. ओकच्या फांदीत घुसलेला, स्वतःच्या बुटाच्या लेसमध्ये अडकलेला, एक तर शेजाऱ्याच्या भोपळ्यात. मी इतका हसलोय. त्या प्रकाशनवाल्यांना कोणीतरी नेऊन दाखवा.

आता दुसऱ्या वहीचं सांगतो, जे वाचताना गाडी सुरू झाली नाही. हे पान तुम्ही वाचणार नाही म्हणाल, पण वाचा. बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं नाही, निदान अर्धा तास जागेवर थांबायचं, नेम पोटात बसला असेल तर कित्येक तास, हे ते आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात आणि इतक्या कडकपणे शिकवतात की आम्हाला वाटायचं हा मिलिटरीचा माणूस आहे का. का ते आता कळलं. तिशीत असताना एकदा पाऊस भरून आला म्हणून ते दहा मिनिटांत झाडावरून खाली उतरले. हरीण जवळच आडवं झालं होतं, ह्यांची चाहूल लागून उठलं आणि गेलं. पाऊस आला, रक्ताचा माग धुऊन गेला. दोन दिवस शोधलं, गुडघ्यांवर बसून पान न पान उलटून बघितलं. सापडलं नाही. त्यांनी लिहिलंय की तिसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि विचारलं त्यांना सांगितलं, यंदा काही दिसलंच नाही. पन्नासेक वर्षं हेच सांगत आलो. बायकोलासुद्धा हेच.

ते पान त्यांनी मला देताना तोंडाने काही सांगितलं नाही, घड्याळात बघत होते.

पेन्सिल आता बोटाएवढी झालीये. ते मूठ उकलतात, नवीन पेन्सिलीवर चढवतात, टोक परत ओढून घेतात, ह्यात त्यांचा अर्धा दिवस जातो आणि त्या दिवशी लिहीत नाहीत. मी काही बोलत नाही आता. सप्टेंबरच्या मध्याला सीझन सुरू होईल, त्याच्या आत तिसरी वही संपवायची म्हणतात. ३८ पाउंडांचं हलकं धनुष्य करून ठेवलंय, बसतील झाडाखाली, बाण सुटेल न सुटेल.

आणि हो, एक काम आहे. तुमच्यावर एक प्रकरण येतंय, त्यात त्यांना तो मुंजीतला शब्द घालायचाय. मी स्पेलिंग दिलं तर म्हणाले, तुझ्यावर विश्वास नाही, शिक्षिकाबाईंना विचार. तेवढं मृगाजिनचं इंग्लिश स्पेलिंग कळवा.

तुमचा,
गल्लीतला तो धनुष्यवाला इंजिनियर