तनूला कॅम्पला पाठव

प्रिय सच्या,

तुझा मेसेज वाचला. वहिनींचं म्हणणं असं की ॲडव्हेंचरच करायचं तर एखाद्या ॲडव्हेंचर पार्कला नेऊ की, झिपलाइन आहे, हार्नेस आहे, संध्याकाळी घरी परत, त्यासाठी पोरीला शाळेच्या स्काऊट-गाईडच्या कॅम्पला तंबूत कशाला झोपवायचं. फोनवर बोललो असतो पण हे मला नीट सांगायचंय म्हणून लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाच.

झिपलाइन वाईट नाही रे. पण तिथे दोर दुसऱ्याने बांधलेला, बकल दुसऱ्याने तपासलेलं, तनूने फक्त ओरडत खाली यायचं. कॅम्पला दोर तीच बांधणार. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

म्हणजे बघ, ताटं ठेवायला बांबूचा स्टँड करायचा तर आधी क्लोव्ह हिचची गाठ, मग दोन बांबू आडवे-उभे जोडायचे स्क्वेअर लॅशिंगचे वेढे, मग मधून आवळायचं, आणि आवळणं ढिलं राहिलं तर स्टँड ताटांसकट खाली येतो, कोणी मार्क कापायची गरज पडत नाही. बोलाइन ही फासाची गाठ शिकवताना आम्ही स्काऊट पथकात पोरांना त्या फासात बसवून ओढतो, कितीही ताण आला तरी तो फास आवळत नाही हे कमरेला कळलं की पोरगं ती गाठ विसरत नाही. वर्गात फळ्यावर काढून दाखवली तर परीक्षेपुरती राहते.

आणि हे सगळं पोरं आपापल्या संघात करतात, सहा ते आठ जणांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. ही कल्पना पहिल्यापासून आहे. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलने 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हा मोठ्या फीच्या शाळेतली पोरं आणि कामगारांची पोरं एकत्र आणली, त्यांचे छोटे छोटे संघ पाडले आणि प्रत्येक संघ एकेका मुलाच्या हातात दिला. आपल्याकडे भारत स्काऊट्स अँड गाईड्स 1950 पासून हेच चालवतंय. मोठी माणसं असतात, लक्ष ठेवून असतात, पण निर्णय पोरांचा.

आमच्या पथकात एकदा एका संघाने सामानाच्या यादीत मीठच लिहिलं नाही. खिचडी शिजली तेव्हा लक्षात आलं. सरांच्या पिशवीत मीठ होतं, मला माहीत होतं, पण त्यांनी काढलं नाही. आधी पोरं एकमेकांवर चिडली, यादी कोणी केली वगैरे, मग त्यांचा संघनायक, सातवीतला बारका पोरगा, शेजारच्या संघाकडे गेला आणि दोन मोळ्या सुकी लाकडं देऊन मीठ घेऊन आला. सरांनी मीठ काढलं नाही हे मला फार आवडलं, आणि ते सोपं नसतं, आपल्याला पोरं उपाशी बघवत नाहीत. पण सरांनी मीठ दिलं असतं तर त्या पोराला बोलणी करायची वेळच आली नसती.

वहिनींची भीती मी समजू शकतो. आग, सुरी, रात्र, डोंगर. पण एकदम डोंगरावर कोणी नेत नाही. पायऱ्या ठरलेल्या असतात, आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्याच्यापुढे राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. प्रथमोपचार, गाठी, होकायंत्र हे सगळं आधी मैदानावर होतं. आम्ही नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर हाईकला जातो तेव्हा पायथ्याच्या आशेवाडीतून चढायच्या आधी प्रत्येक संघ नकाशा दिशेला लावून घेतो, वर पोचल्यावर चांभार लेण्यांच्या डोंगराची दिशा होकायंत्राने काढायची, पाण्याच्या टाक्या शोधायच्या, आणि मग पोरं आपणहून विचारतात की एवढुशा किल्ल्याने मुघलांना इतकी वर्षं कसं झुलवलं. इतिहासाच्या तासाला हा प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही.

बिनभांड्याचा स्वयंपाक तर तनूला भारी आवडेल, पळसाच्या पानात पानगे, ओल्या मातीत लिंपलेले बटाटे निखाऱ्यात. आणि शाळेत खरी कमाईचा, म्हणजे पोरांनी स्वतः पैसे कमवायचा, स्टॉल लागेल तेव्हा भेळ विकून हिशोब तिनेच लिहायचाय, प्लीज तू एक्सेल करून देऊ नकोस.

काही पालक फक्त दहावीच्या वाढीव मार्कांसाठी पोरांना घालतात आणि कॅम्प आला की चिठ्ठी पाठवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कॅम्प वगळला तर गणवेश आणि स्कार्फच उरतो.

तू लिहिलंस तनू वर्गात बोलत नाही. मी असं अजिबात म्हणणार नाही की एका कॅम्पने ती बोलायला लागेल. पण पाऊस आला आणि तंबूचा दोर ढिला करायचा असेल (भिजला की सुती दोर आखडतो, खुंट्या उपटून येतात) तर ते दुसऱ्या मुलींना सांगावंच लागतं, आणि सांगायला तिच्याकडे खरं काहीतरी असेल.

आता कामाचं. बूट जुनेच दे, नवीन चावतात. टॉर्च, शिट्टी, प्लास्टिकचा मोठा कागद, सुती कपडे जास्तीचे. सॅक तिला स्वतःला भरू दे, वहिनींना म्हणावं यादी वाचून दाखवा पण हात लावू नका. गाईड कॅप्टन मॅडमना आधी भेटा, रात्री मुलींसोबत कोण थांबतं, जवळचा दवाखाना कुठे आहे हे सगळं विचारा, विचारायलाच पाहिजे. आणि फॉर्मवर सही करून शुक्रवारच्या आत शाळेत दे.

तुझा,
प्रक्या