केतकीस पत्र : पेट्रोलचा छोटा टेम्पो की डिझेलची पिकअप

सातपूर, नाशिक

चि. सौ. केतकी हिस,
नानांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू गाडीचे विचारलेस आणि मी 'सांगतो' म्हणून थांबलो, याचे कारण एवढेच, की या प्रश्नाचे उत्तर आकड्यांचे आहे आणि फोनवर ऐकलेले आकडे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. लिहून पाठवले म्हणजे तुला आणि जावईबापूंना दोघांनाही निवांत वाचता येईल. जावईबापूंचा कल डिझेलकडे आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्यांचे म्हणणे निराधार आहे असेही नाही. तरीही दिंडोरी-मोहाडीच्या शेतकऱ्यांकडून भाजी गोळा करून नाशिकच्या खाणावळी, हॉटेले आणि सोसायट्यांना पोहोचवण्याचे तुझे आजचे जे काम आहे, त्यासाठी पाऊण टनाची पेट्रोल गाडी घ्यावी, आणि द्राक्षाच्या हंगामात वाशीची जी खेप पडेल तिला डिझेल पिकअप भाड्याने लावावी, असे माझे मत आहे. ज्याची उभी नोकरी डिझेल इंजिनात इंधन फवारणारी नोझले तपासण्यात गेली त्याने पेट्रोलची बाजू घ्यावी, याचे तुला नवल वाटेल. पण डिझेलला काय मानवते आणि काय मानवत नाही हे जवळून पाहिल्यामुळेच मी हे लिहितो आहे.

आधी माल पाहू, कारण इंधनाचा विचार मालानंतर येतो. छोट्या गाडीच्या कागदावर वहनक्षमता साधारण ७५० किलो लिहिलेली असते. टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा असे आपण म्हणतो ते आतल्या मालाचे वजन. प्लास्टिकचा क्रेट स्वतः दीड-दोन किलोचा असतो. म्हणजे ३४ क्रेट चढले की गाडी कागदाप्रमाणे भरली. हौदा सव्वासात फुटांच्या आसपास लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद असतो, त्यात एका थराला दहा क्रेट बसतात. तीन थर पूर्ण करून चौथ्यावर चार क्रेट ठेवले की तू थांबले पाहिजेस. पण वरची मोकळी जागा पाहून हमाल 'ताई, अजून एक थर आरामात बसेल' असे म्हणणारच, आणि तो जागेपुरते खरेच बोलत असेल. छोट्या पेट्रोल गाड्यांचे क्लच आणि मागचे पाटे ज्या घाईने जातात त्याचे मूळ बहुतेक वेळा या चौथ्या-पाचव्या थरात असते, इंजिनात नसते. पालेभाजीचे याच्या उलट आहे. कोथिंबीर-मेथीचा लिलाव आपल्याकडे शेकडा जुड्यांवर होतो, आणि त्या जुड्यांनी हौदा शिगोशीग भरला तरी वजन मर्यादेच्या आतच राहते. तुझा रोजचा माल पाचशे-सहाशे किलोंचा आणि त्यात निम्मी पालेभाजी, असे तू सांगितलेस. तेवढ्याला दीड टनाची डिझेल पिकअप घेणे म्हणजे अर्धा हौदा रिकामा फिरवण्याचे इंधन आणि हप्ता भरत राहणे होय.

आता जावईबापूंचा मुख्य मुद्दा, तो ओढीचा. तो बरोबर आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा पंधरा-सोळा पटींहून अधिक दाबून इतकी तापवली जाते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनात हा दाब दहा-अकरा पटींच्या आसपास थांबवावा लागतो, नाहीतर इंधन वेळेआधी पेटून ठोका बसू लागतो. या फरकामुळे, आणि टर्बोच्या जोरामुळे, डिझेलची ओढ कमी फेऱ्यांतच मिळते. बोलेरो पिकअपच्या अडीच लिटरच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ही ओढच, दोनशे न्यूटन-मीटरच्या घरात आहे आणि तो मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या सुमारासच हाती येतो. मारुती सुपर कॅरीच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क त्याच्या निम्मा, शंभरच्या थोडा वर, आणि तोही फेऱ्या तीन हजारांजवळ नेल्यावर. टाटा एसच्या दोन सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाचा तर ५५. त्यामुळे भरलेली पेट्रोल गाडी चढावर रडते असे लोक म्हणतात ते खरे आहे. चालकाने वेळीच खालचा गिअर टाकला नाही तर ती रडणारच.

पण तुला चढ लागतो कुठे, हेही पाहिले पाहिजे. दिंडोरीहून नाशिकला येताना दम काढणारा चढ नाही. वाशीला जायचे म्हटले की सगळ्यांना कसाऱ्याचा घाट आठवतो. मात्र आपला माल घेऊन आपण तो घाट उतरतो, आणि चढतो तेव्हा हौद्यात रिकामे क्रेट असतात. पेठ रस्त्याने गुजरातकडे गेलीस तरी सावळघाट भरल्या गाडीने उतरायचाच आहे. भरल्या गाडीने चढायचा घाट म्हणजे पुण्याच्या वाटेवर संगमनेरच्या पुढचा चंदनापुरीचा, आणि पुण्याला तुझा माल जात नाही. उतारावर ओढीपेक्षा ब्रेकची परीक्षा असते. तिथे पेट्रोल इंजिनाची एक बाजू सहसा कोणी सांगत नाही : पाय काढला की त्याची हवा अडते आणि इंजिन गाडीला मागे धरून ठेवते, डिझेलमध्ये हवा तशी अडवली जात नसल्याने ही मदत कमी मिळते. गाडी कोणतीही असो, इंधन वाचवण्यासाठी घाटात न्यूट्रल करणाऱ्या चालकाला पुन्हा गाडी देऊ नकोस. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसाऱ्याची वळणे टाळताही येतात, फक्त टोल हिशेबात धरावा लागतो.

यानंतरचा भाग जरा माझ्या धंद्यातला आहे, तेव्हा थोडा लांबला तर सोसून घे.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाडी ही वेगळीच वस्तू झाली. मारुतीने त्याच सुमारास डिझेल गाड्या बनवणे सोडून दिले, आणि २००५ साली डिझेलवर जन्मलेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एसही, त्याच वर्षी पेट्रोलवर मिळू लागला. या दोन्ही गोष्टी एका कारणाने घडल्या. धूर स्वच्छ करण्यासाठी डिझेलच्या मागे जी यंत्रणा जोडावी लागते तिचा खर्च लहान गाडीला परवडेनासा झाला. या यंत्रणेत बहुतेक ठिकाणी काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. तो भरला की गाडी स्वतःच धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवून आतली काजळी जाळते. हे नीट होण्यासाठी गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने, थांबे न घेता चालावी लागते. वाशीला जाणाऱ्या गाडीत ते आपोआप होऊन जाते आणि चालकाला पत्ताही लागत नाही. तुझी गाडी मात्र पहाटे कॉलेज रोडला दोन ठिकाणी थांबेल, मग इंदिरानगर, मग पाथर्डी फाटा, आणि प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद-चालू होईल. अशा फिरण्यात काजळी जळणे अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद आपोआप कमी केली जाते आणि माल हौद्यात असताना वर्कशॉप गाठावे लागते. काही गाड्यांत याशिवाय युरियाचे द्रावण भरावे लागते, ते संपत आल्याची सूचना दुर्लक्षून चालत नाही.

नोझलची गोष्ट तर मी डोळे मिटून सांगू शकतो. नोझलमधली सुई आणि तिचे घर यांच्यात दोन ते चार मायक्रॉनचे अंतर असते; आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. आमच्या टेबलावर हातपंपाला नोझल लावून दांडा दाबला की सगळ्या भोकांतून सारखा, बारीक फवारा उडायला हवा आणि सुईची बारीक कुरकुर ऐकू यायला हवी. फवारा थांबल्यावर टोकाशी एक जरी थेंब लोंबला तरी ते नोझल बाजूला ठेवले जाई. तेव्हाचे दाब काहीशे बारचे होते. आजच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या यंत्रणेत, ते १,६०० बारचे आणि त्याहूनही वर असतात. एवढ्या दाबाला डिझेलमधले चमचाभर पाणी किंवा हलक्या प्रतीच्या फिल्टरमधून सुटलेली धूळ पुरते, आणि नोझल बसवलेल्या एकेका इंजेक्टरचे बिल पाच आकड्यांत जाते. डिझेल गाडी रोज लांब पळणारी असेल, मालक फिल्टरखालचे पाणी वेळच्या वेळी काढणारा असेल, तर हीच यंत्रणा लाखो किलोमीटर तक्रार करत नाही. पण सकाळच्या धांदलीत तू किंवा तुझा पोऱ्या हे करणार आहात का, याचा विचार तूच कर.

पैशांचे गणित मी असे मांडले आहे. गेल्या काही काळातले नाशिकचे भाव धरून पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये घेऊ. छोटी पेट्रोल गाडी भरल्यावर लिटरला १६ किलोमीटर चालली, तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. मोठी डिझेल पिकअप १३ चालली, तर सात रुपये. म्हणजे डिझेल स्वस्त असूनही मोठी गाडी तुला रोज महागच पडणार, आणि तिची किंमत छोटीच्या दीड ते दोन पट. छोटीएवढ्याच आकाराची डिझेल गाडी घेतलीस तर मात्र चित्र बदलते : ती २० चालेल असे धरले तर किलोमीटरला साधारण साडेचार रुपये, म्हणजे दोन रुपयांची बचत. तुझे रोजचे ४५ किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरून वर्षाला १४,००० किलोमीटर होतात. बचत सत्तावीस-अठ्ठावीस हजारांची. त्यातून फिल्टर, महागडे तेल आणि वाढीव देखभाल यांचे सात-आठ हजार वजा कर. गाडीची वाढीव किंमत व तिच्यावरचे व्याज मिळून लाखभर रुपये धरले, तर ते फिटायला पाच वर्षे लागतील. रोजचे फिरणे शंभर किलोमीटरवर गेले तर तेच लाख रुपये दोन वर्षांत फिटतील, आणि तेव्हा मी जावईबापूंच्या बाजूने उभा राहीन. विकताना खेड्यापाड्यांत डिझेल पिकअपला गिऱ्हाईक पटकन मिळते, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

पेट्रोल गाडीत खोट नाही असे समजू नकोस. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडे पडते. मी वर १६ धरले ते यासाठीच. नवी गाडी या इंधनासाठीच बनवलेली असते, पण जुनी घ्यायचा मोह झाला तर तिचे रबरी पाइप आणि सील यांची चौकशी आधी कर. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नकोस, इथेनॉल ओल शोषून घेते. सीएनजीचे तुझ्या मैत्रिणीने सुचवले ते पैशांच्या दृष्टीने चुकीचे नाही, पण टाक्यांचे वजन वहनक्षमतेतून जाते आणि पहाटे भाजी घेऊन रांगेत उभे राहण्याचा धंदा तुझा नाही.

कागदपत्रांत इंधनामुळे फरक पडत नाही, वजनामुळे पडतो. मालासह एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही, आणि ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तेव्हा तुझे आहे ते लायसन पुरेल. फिटनेस पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, हे त्या चौथ्या थराच्या वेळी हमालाला सांगत जा.

शोरूममध्ये गेलीस की रिकाम्या गाडीची चक्कर मारून परत येऊ नकोस. क्रेटमध्ये वाळूच्या पिशव्या भरून पाचशे किलो वजन कर, सेल्समनला शेजारी बसव आणि द्वारका चौकातून भर गर्दीच्या वेळी गाडी काढ. क्लच किती जड आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती कशी उचलते, आरशात मागचे काय दिसते, हे त्या एका फेरीत कळेल. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचे जे कोटेशन तुझ्याकडे पडून आहे ते फाडून टाक आणि नवे माग. त्यात हौद्यावरची ताडपत्रीची कमान आणि इन्शुरन्स वेगळे लिहून घे. कोटेशन आले की टोकन देण्याआधी मला पाठव; रविवारी मी आणि तुझी आई तिकडे येणारच आहोत, तेव्हा जावईबापूंशी समोरासमोर बोलू.

कळावे,

तुझे
नाना